तक्सीर कोणाची, माफी कोणाची?

सप्टेंबर २०२२ मध्ये रशियातील एका तुरुंगाच्या पटांगणात कैद्यांना गोळा करून, जो सहा महिने युक्रेनच्या आघाडीवर लढेल त्याला पुन्हा तुरुंगाचे तोंड पाहावे लागणार नाही, असे जे अभिवचन वाग्नर या भाडोत्री फौजेचे प्रमुख येवगेनी प्रिगोझिन यांनी दिले, ते देण्याचा कोणताही अखत्यार कायद्याने त्यांना नव्हता. तरीही ते पाळले गेले, आणि पुढे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे सुमारे ५०,००० कैदी या वाटेने भरती होऊन त्यांपैकी पाचवा हिस्सा बाखमुतच्या लढाईत मारला गेला. त्या मृतांविषयी मला करुणा वाटते.

परंतु माझे मन अडते ते केमेरोवो शहरातील एका आईपाशी. जानेवारी २०२० मध्ये तिच्या तेवीस वर्षांच्या मुलीला, संबंध तोडून निघाली म्हणून, पूर्वीच्या प्रियकराने घरात कोंडून तासन्‌तास छळून ठार केले. किंकाळ्या ऐकून शेजारी पोलिसांना पुनःपुन्हा फोन करीत राहिले, पोलीस आले नाहीत, अखेर शेजाऱ्यांनीच दार फोडले. मुलीच्या अंगावर १११ जखमा होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली आणि वर्ष उलटण्यापूर्वीच राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने माफीही मिळाली. आईला हे उमगले ते लष्करी वेषात, हाती बंदूक घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या छायाचित्रावरून.

असे अपराधी रणांगणावर रक्त सांडून पापक्षालन करतात, असे समर्थन क्रेमलिनचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव यांनी केले. पण पश्चात्ताप, वार्धक्य, व्याधी किंवा न्यायदानातील चूक यांकडे पाहून जी दया करावयाची, ती येथे केवळ बंदूक पेलणारे हात पाहून केली गेली. ऋण होते केमेरोवोतील एका घराचे, आणि ते फिटल्याची पावती मॉस्कोने परस्पर लिहून दिली. २०२४ पासून तर खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच आरोपीला फौजेशी करार करून सुटता येते. युक्रेननेही मे २०२४ मध्ये कैद्यांना सैन्यात घेण्याचा कायदा केला, आणि तोही मला क्लेशदायकच वाटतो; तथापि तेथे सुटका सशर्त आहे, ती न्यायालयाच्या हुकमाने होते, आणि लैंगिक अत्याचार करणाऱ्यांना व एकाहून अधिक खून करणाऱ्यांना ती वाट बंद आहे.

माफीचा हुकूम निघण्यापूर्वी तो मृताच्या घरी, हरकत घेण्याच्या मुदतीसह पोहोचला पाहिजे. केमेरोवोतील त्या आईकडे पोहोचले ते एक छायाचित्र.