विनोद वर्मा प्रकरण : चौकशी की शिकार?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सक्तवसुली संचालनालयाच्या पथकांनी छत्तीसगडचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांचे राजकीय सल्लागार विनोद वर्मा यांच्या रायपूर येथील घराची झडती घेतली. मुख्यमंत्र्यांच्या विशेष कार्याधिकाऱ्यांच्या घरीही पथके पोहोचली. तो बघेल यांचा वाढदिवस होता, हा योगायोग मानावयाचा तर मानावा. परंतु विधानसभेची निवडणूक जेमतेम अडीच महिन्यांवर येऊन ठेपली होती, हाही योगायोग मानण्यास भोळेपणाची सीमाच ओलांडावी लागेल. वर्मा यांनी ह्या कारवाईला उघडपणे दरोडा म्हटले. शब्द कडक होता, अनाठायी नव्हता.

प्रकरणाचे मूळ भिलाईत आहे. ‘महादेव’ नावाच्या ऑनलाइन सट्टेबाजीच्या जाळ्याचे दोघे मुख्य प्रवर्तक मूळचे भिलाईचे. तेथून ते दुबईला गेले आणि तेथूनच धंदा चालवू लागले. पोलिसांना हप्ते पोहोचविल्याच्या आरोपावरून एका साहाय्यक फौजदाराला अटक झाली. हा मनुष्य वर्मा यांच्याशी असलेल्या नात्याचा उपयोग करून वजन मिरवीत होता, असे संचालनालयाने जाहीर केले. म्हणजे काय? नात्यातला कोणी आपले नाव सांगून पैसे उकळीत असेल तर तो त्याचा अपराध झाला. पैसे सल्लागाराच्या हाती आले, अथवा त्याने त्या बदल्यात कुणाला संरक्षण दिले, हे सिद्ध करणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती न्यायालयात पुराव्यानिशी करावयाची असते. वृत्तपत्रांना पत्रके वाटून ती होत नाही.

वर्मा यांच्या वाट्याला असा अनुभव प्रथमच आलेला नव्हता. २७ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे छत्तीसगड पोलिसांनी त्यांना गाझियाबाद येथील घरातून उचलले होते. त्या वेळी ते सल्लागार नव्हते, पत्रकार होते. बीबीसीच्या हिंदी सेवेत त्यांनी काम केले होते. भाजपच्या एका मंत्र्यासंबंधीची कथित चित्रफीत बाळगल्याचा आणि खंडणी मागितल्याचा आरोप होता. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. साठ दिवस उलटले तरी आरोपपत्र तयार होईना, म्हणून त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये जामीन द्यावा लागला. एवढी घाई करून पहाटे पकडलेल्या माणसाविरुद्ध दोन महिन्यांत आरोपपत्रही लिहिता येऊ नये, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

भिलाईच्या कामगाराला ह्या रीतीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्राचा अभिमान म्हणून ज्या गावाकडे देशाने पाहिले, त्याच गावात २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे शंकर गुहा नियोगी झोपेत मारले गेले. केंद्रीय अन्वेषण विभागाने उद्योगपतींना आरोपी केले. सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये शिक्षाही दिल्या. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयात शेवटी दोषी ठरला तो गोळी झाडणारा एकटा. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. नियोगींच्या संघटनेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणाऱ्या सुधा भारद्वाज यांना २८ ऑगस्ट २०१८ रोजी कोरेगाव भीमाच्या प्रकरणात अटक झाली आणि त्या डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर बाहेर आल्या. उद्योगपतीसाठी कायदा गोगलगाय असतो आणि कामगारांच्या कार्यकर्त्यासाठी ससाणा, हे भिलाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि ती प्रामाणिक आहे. विनोद वर्मा काही कामगारपुढारी नव्हेत. ते एका भांडवलदारी पक्षाच्या मुख्यमंत्र्याचे सल्लागार होते. बघेल सरकारने छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायदा रद्द केला नाही. मे २०२१ मध्ये सिलगेर येथे आदिवासींवर गोळीबार झाला तो त्याच सरकारच्या काळात. मनी लॉण्डरिंगविरोधी कायदा वाजपेयी सरकारने आणला हे खरे, पण तो १ जुलै २००५ पासून अमलात आला आणि २००९ व २०१२ मध्ये अधिक धारदार करण्यात आला तो काँग्रेसच्या राज्यात. जे पाते घासून दिले त्याचाच घाव आज काँग्रेसला बसत आहे. मग कम्युनिस्टांनी ह्या घावाबद्दल बोलावे कशासाठी?

बोलावयाचे ते ह्यासाठी की, पाते काँग्रेसपुरते थांबत नाही. २७ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या कायद्यातील संचालनालयाच्या अधिकारांवर शिक्कामोर्तब केले. आरोपीला त्याच्याविरुद्ध नोंदविलेल्या मूळ अहवालाची प्रत देणे बंधनकारक नाही. अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरता येतो. जामीन हवा तर आपण निर्दोष असल्याचे न्यायाधीशाला प्रथमदर्शनी पटवावे लागते. अशी यंत्रणा ज्याच्या हाती आहे त्याला खटला जिंकण्याची गरजच उरत नाही. खटला भरला की काम भागते. राज्यसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार ए. ए. रहीम यांनी विचारलेल्या प्रश्नाला मार्च २०२५ मध्ये सरकारनेच उत्तर दिले की, दहा वर्षांत राजकीय व्यक्तींविरुद्ध १९३ प्रकरणे नोंदविण्यात आली आणि शिक्षा झाली ती दोन प्रकरणांत. उरलेल्या १९१ प्रकरणांत काय साधले, हे महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संजय राऊत यांना जामीन देताना नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अटकच बेकायदेशीर ठरविली. तोवर शंभर दिवस तुरुंगात गेले होते. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्याचा आरोप केला आणि २ जुलैला त्याच पक्षाचा एक गट भाजपच्या मांडीला मांडी लावून मंत्रिमंडळात बसला. वर्मा यांना अशी मांडी सापडली नाही, किंवा त्यांनी ती शोधली नाही.

आणि भाषेची करामत पाहावी. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, मतदानाच्या पहिल्या टप्प्याला चार दिवस असताना, संचालनालयाने पत्रक काढले. रोकड नेणाऱ्या एका माणसाकडून ५.३९ कोटी रुपये पकडले असून सट्टेबाजांनी मुख्यमंत्र्यांना सुमारे ५०८ कोटी रुपये दिल्याचा आरोप त्याच्या चौकशीतून पुढे आला आहे, असे त्यात म्हटले होते. हा तपासाचा विषय आहे, असे वाक्यही त्यात होते. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांतून ते वाक्य गळून पडले. ‘आरोप’ हा शब्दही कोठे कोठे गळला. उरला तो आकडा. प्रचारसभांतून तोच आकडा फिरला. पुढे त्या माणसाने, आपल्याला यात गोवण्यात आले, असे तुरुंगातून कळविले. पण त्या बातमीला मथळ्याचा मान मिळाला नाही. ३ डिसेंबरला निकाल लागले, ९० पैकी ५४ जागा भाजपला मिळाल्या. पराभवाला काँग्रेसची स्वतःची कारणे भरपूर होती, हे नाकारता येणार नाही. परंतु सरकारी खात्याने ऐन मतदानाच्या तोंडावर न तपासलेला आकडा बाजारात सोडावा, ह्याचे समर्थन त्यामुळे होत नाही.

कम्युनिस्टांनी सत्तेच्या सल्लागारांना कधी सोवळ्यात ठेवलेले नाही. पंतप्रधान नेहरूंचे खासगी साहाय्यक एम. ओ. मथाई यांच्याविरुद्ध १९५९ मध्ये आवाज उठविला तो कम्युनिस्टांनीच, आणि मथाईंना पद सोडावे लागले. सल्लागार जनतेने निवडलेला नसतो, सभागृहाला उत्तरदायी नसतो, तरी त्याच्या शब्दावर फायली हलतात. म्हणून त्याची चौकशी व्हावयासच हवी. प्रश्न एवढाच आहे की ती कोणी, कोठे आणि कोणाच्या डोळ्यांदेखत करावी.

मुंदडा प्रकरण लोकसभेत फिरोज गांधी यांनी डिसेंबर १९५७ मध्ये मांडले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. गर्दीला ऐकू जावे म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावण्यात आले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न विधिमंडळात निघाला, साक्षी उघड्यावर झाल्या, उत्तर पुन्हा विधिमंडळात आले. कोणाच्या घरी पहाटे कोणी गेले नाही.

विधिमंडळाची प्रत्येक समिती अशी असते, असा दावा करणे मात्र खोटे ठरेल. बोफोर्ससाठी १९८७ मध्ये नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीवर विरोधकांनी बहिष्कार घातला आणि समितीने सरकारला शुद्धीपत्र दिले. बहुमतवाल्यांची समिती बहुमताचीच री ओढते. तरीही तिच्यापुढे साक्षीदार उभा राहतो, विरोधी सदस्य प्रश्न विचारू शकतो, भिन्नमतपत्रिका जोडू शकतो आणि अहवाल पटलावर येतो. संचालनालयाच्या बंद खोलीत ह्यातले काहीही नसते. महादेव प्रकरणात खरोखरच पोलीस अधिकारी, राजकारणी आणि सट्टेबाज ह्यांची साखळी असेल तर छत्तीसगड विधानसभेने विरोधी सदस्यांसह समिती नेमावी, वर्मा यांना बोलवावे, बघेल यांना बोलवावे, आणि ज्यांच्या काळात ही साखळी फोफावली त्या दोन्ही राजवटींच्या पोलीस अधिकाऱ्यांनाही बोलवावे. भाजपचे सरकार डिसेंबर २०२३ मध्ये आले. सभागृहात बहुमत त्याचे होते. तेव्हा अडचण कसली होती? त्याने प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले. २६ मार्च २०२५ रोजी त्या विभागाने साठ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत बघेल यांचे भिलाईचे घरही होते.

भिलाईतील ज्या तरुणांच्या खिशातून हा सट्टा पैसे काढीत होता त्यांचा विचार ह्या साऱ्या गदारोळात कोणीही केला नाही. पोलाद कारखान्यातील कायम नोकऱ्या घटत गेल्या, कंत्राटी मजुरी वाढली, आणि बापाने भट्टीपुढे घाम गाळून उभे केलेल्या घरात मुलगा मोबाइलवर नशीब आजमावू लागला. त्याला कर्जात लोटणाऱ्यांचा हिशेब झडत्यांच्या यादीत बसत नाही.

१८ जुलै २०२५ रोजी सक्तवसुली संचालनालयाने बघेल यांचे पुत्र चैतन्य यांना भिलाईतून अटक केली, ह्या वेळी मद्यघोटाळ्याच्या प्रकरणात. तो विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनाचा अखेरचा दिवस होता. रायगड जिल्ह्यातील तमनार येथे अदानींच्या कोळसा खाणीसाठी होत असलेल्या वृक्षतोडीचा प्रश्न आपण त्या दिवशी सभागृहात मांडणार होतो, असे बघेल यांनी सांगितले. त्या दिवशी राज्यभर चर्चा झाली ती अटकेची. तमनारची झाडे मागे पडली.