मालिश घ्या, पण आधी खरे सांगा

ताडोबाची पहाटेची सफारी आटोपून मोहर्लीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या पर्यटकाची पाठ बोलू लागलेली असते. जिप्सीचे धक्के, वाघ दिसेल या आशेने ताणलेली मान आणि आदल्या दिवशीचा लांबचा प्रवास. मग मुक्कामाच्या ठिकाणी मसाजची सोय आहे का, अशी चौकशी होते. याच जिल्ह्यात मूल-सिंदेवाहीकडे आणि शेजारच्या गडचिरोलीत पावसाळ्यात बायका धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, मोहफुले वेचतात. त्यांचीही पाठ बोलते. पण ती ऐकायला सहसा घरातला तेलाचा हातच असतो. पाठदुखी आणि मालिश या दोन्ही गोष्टी आपल्याकडे इतक्या रोजच्या आहेत, की मालिश करून घेताना काही पथ्ये पाळायची असतात, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आपण मालिश करणाऱ्याच्या कौशल्याविषयी खूप बोलतो. मालिश घेणाऱ्याच्या जबाबदारीविषयी मात्र कुणी बोलत नाही. माझ्या मते निम्मे काम त्याच्याकडे असते आणि त्यातले पहिले म्हणजे स्वतःच्या शरीराबद्दल खरे सांगणे.

प्रथम अपेक्षा जमिनीवर आणू. मालिशने ताठरलेले स्नायू सैलावतात, झोप बरी लागते, जुनाट कंबरदुखीत काही दिवस आराम मिळू शकतो. यापलीकडे पुरावा कमकुवत आहे. ‘शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ हे वाक्य जाहिरातीत शोभते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे न सांगता करतच असतात. सरकलेली गादी चोळून जागेवर बसत नाही आणि झिजलेला सांधा तेलाने भरून येत नाही. मालिश म्हणजे आराम. तो घेताना उपचाराची अपेक्षा धरली, की एकतर निराशा पदरी येते किंवा दवाखान्यात जायला उशीर होतो. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, पायातली शक्ती कमी झाली असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर मालिशवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जायचे. मणक्याचा क्षयरोग हा आपल्याकडे दुर्मीळ आजार नाही.

आता खरे सांगण्याचा मुद्दा. आपल्या दोन जिल्ह्यांत त्याला वेगळे वजन आहे, कारण इथे असे काही आजार आहेत जे मालिशच्या टेबलावर लपवणे महागात पडते.

पहिला कुष्ठरोग. वरोऱ्याला 1949 साली बाबा आमटे यांनी आनंदवन सुरू केले, त्याला पाऊणशे वर्षे झाली. तरीही चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर संवेदना नसेल, तर कडकडीत तेल, गरम पोटली किंवा शेकाची पिशवी भाजते आहे हे माणसाला कळतच नाही. चटका बसतो, फोड येतो, जखम चिघळते. मालिश करणाऱ्याने ‘फार गरम नाही ना?’ विचारले आणि आपण ‘नाही’ म्हटले, तर ते उत्तर त्या चट्ट्यापुरते खोटे असते. असा चट्टा असेल तर आधी सांगावे आणि मालिशचे नंतर पाहावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध फुकट मिळते. उलट बाजूने, मालिश करणाऱ्याला असा चट्टा दिसला आणि त्याने हळूच सांगितले, तर अपमान मानू नये. त्याने आपल्यावर उपकारच केलेले असतात. एखाद्या स्पर्शाने हा रोग लागत नाही, आणि औषध सुरू झाल्यावर तो लवकरच संसर्गजन्य राहत नाही, हेही दोघांनी लक्षात ठेवावे.

दुसरा हत्तीपाय. पायाची सूज जोराने रगडून उतरत नाही. त्वचा सोलवटली तर जंतूंना आयतीच वाट मिळते. त्या पायाला रोज साबण-पाण्याने स्वच्छ धुणे, कोरडा ठेवणे, उंचावर ठेवणे आणि शिकवलेला व्यायाम यांचा उपयोग होतो. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणे असेल, तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला चोळणे म्हणजे ती गुठळी फुप्फुसाकडे पाठवण्याचा धोका पत्करणे.

तिसरा सिकलसेल. हाडे-सांधे अचानक ठणकू लागले, की घरचे ‘वात आला’ म्हणून मुलाला चोळत बसतात. सिकलसेलच्या अशा वेदनेत जोराची मालिश हा उपचार नाही. भरपूर पाणी, ऊब, वेदनाशामक आणि दवाखाना हा उपचार. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आजार माहीत असेल तर तो मालिश करणाऱ्याला सांगण्यात कसली लाज?

याखेरीज ताप, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्त पातळ करण्याची गोळी, ठिसूळ हाडे, ताब्यात नसलेला रक्तदाब, अंगावरची खरूज-गजकर्ण या गोष्टीही न विचारता सांगायच्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांना टेकलेला असताना मालिशनंतर वाफेच्या पेटीत बसण्याचा हट्ट तर धरूच नये. आणि केस कापून झाल्यावर सलूनमध्ये ‘जरा मान मोडून द्या’ म्हणण्याची सवय सोडावी. मानेला बसलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदल्या गेल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण कडकन आवाज ऐकण्याच्या हौसेसाठी एवढी किंमत कशाला?

दुसरी जबाबदारी वागण्याची आहे. वेळेवर जावे, येणार नसू तर आधी कळवावे. अंघोळ करून जावे, भरल्या पोटी जाऊ नये, दागिने घरी ठेवावेत, मोबाइल बंद करावा. दाब जास्त झाला तर दात आवळून सोसू नये, लगेच सांगावे. जितके दुखेल तितका गुण, हा समज चुकीचा आहे. जेवढा भाग मालिशसाठी हवा तेवढाच उघडा राहावा, बाकी चादरीखाली. ठरलेले पैसे काम झाल्यावर घासाघीस न करता द्यावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पैसे मालिशचे दिलेले असतात, माणसाचे नव्हे. मसाजच्या खोलीत काम करणाऱ्या मुलींना ‘आणखी काही मिळेल का’ असे सुचवणारे ग्राहक असतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे हसून सोडून देतात. यात हसण्यासारखे काही नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही कर्मचारी महिलेला सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ‘ग्राहक नाराज होईल’ म्हणून मुलीलाच गप्प बसवणारा मालक कायद्याच्या नजरेत निर्दोष नाही. अशा जागी जाणाऱ्या सभ्य ग्राहकानेही एवढे करावे: जिथे काम करणाऱ्यांना असे गप्प केले जाते, तिथे पुन्हा जाऊ नये.

हाच नियम घरी बाळ-बाळंतिणीला मालिश करायला येणाऱ्या बाईलाही लागू आहे. पहाटे थंडीत येऊन, जमिनीवर पाय पसरून ती बाळाला रगडते, बाळंतिणीची कंबर दाबते. काही घरांत अजूनही तिचा चहाचा कप वेगळा असतो. ज्या हातांत आपण आठ दिवसांचे लेकरू देतो, त्या हातांना आपला कप चालत नाही, हे कसले सोवळे? तिला हात धुवायला साबण द्यावा, नखे कापलेली आहेत का हे नम्रपणे विचारावे. बाळाच्या नाका-कानात तेल घालू नका, छाती पिळू नका, हे तिला न दुखावता पण ठामपणे सांगावे. आणि पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा.

ग्राहकाचेही हक्क आहेतच. मालिश करणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष हे सांगण्याचा, प्रशिक्षण कुठे झाले हे विचारण्याचा, स्वच्छ चादर मागण्याचा, नको वाटले तर मध्येच थांबवण्याचा. फिजिओथेरपिस्टचे शिक्षण पदवीचे असते. मालिश करणारा कितीही कुशल असला तरी तो फिजिओथेरपिस्ट नव्हे, हा फरक विसरू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’मध्ये मुंबईचे मणकेतज्ज्ञ येऊन रुग्ण तपासत आले आहेत. पाठदुखी हा इथल्या कष्टकऱ्यांचा किती मोठा प्रश्न आहे, हे त्यावरून कळावे. त्यावर फक्त तेलाची बाटली हे उत्तर पुरत नाही.

मालिशमध्ये एक माणूस डोळे मिटून आपले शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवतो. समोरचा माणूसही बंद खोलीत एका अनोळखी व्यक्तीवर तितकाच विश्वास टाकत असतो. दोघांनीही तो विश्वास जपायचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी टेबलावर आडवे होण्याआधी दोन मिनिटे बसा, आपल्या शरीराचे खरे सांगा आणि समोरच्याचे नाव विचारा.