वाय-फायवरचा कॉल का तुटतो?

घरात मोबाइलला रेंज नसली, की वाय-फाय कॉलिंगचाच आधार असतो. पण आजारी आईची लक्षणे डॉक्टरांना सांगताना आवाज तुटू लागला, की आपण इंटरनेटच्या वेगाला दोष देतो. खरे तर आवाजाला वेग फारसा लागत नाही. सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास पुरतो. आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. तुकडा फार उशिरा पोहोचला, तर फोन तो टाकून देतो आणि शब्द गळतात.

म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर कपाटातून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झ, भिंतीआड २.४ गिगाहर्ट्झ वापरा. मात्र या दुसऱ्या पट्ट्यात चालू मायक्रोवेव्ह ओव्हनही व्यत्यय आणतो. बोलताना घरातले मोठे डाउनलोड थांबवा.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. वीज गेली, की राउटरही बंद पडतो. तेव्हा खिडकी, गॅलरी, जिना यांपैकी मोबाइलची रेंज कुठे मिळते, ते आजच पाहून घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. १०८ किंवा ११२ लावायची वेळ आली, तर शोधाशोध परवडणार नाही.