तोफ ओतणाऱ्याची, की राखणाऱ्याची?

विजापूरच्या शेरझा बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ मूळची अहमदनगरची. हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांच्या घरात, नळीचा आतील व्यास २ फूट ४ इंच. हे आकडे इतिहासप्रेमींना तोंडपाठ असतात. पावणेपाचशे वर्षे ही नळी शाबूत कशी राहिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा धागा त्याच प्रश्नाचा.

नेहमीचे उत्तर असते ‘धातू’. ते अर्धे खरे आहे. तोफांच्या काशात साधारणतः नव्वद भाग तांबे व दहा भाग कथील असे. मलिक-ए-मैदानात कथील जवळजवळ वीस भाग आहे. हे प्रमाण तोफेपेक्षा घंटेच्या धातूला जवळचे. तोफेवर टिचकी मारली की ती घंटेसारखी निनादते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. असा धातू कठीण, त्यामुळे गोळ्याच्या घर्षणाने कमी झिजणारा. पण ठिसूळही तितकाच. निनादात मौजेपलीकडचा अर्थ आहे. आत तडा गेलेली घंटा बद्द वाजते, तशीच तडा गेलेली नळीही. रेल्वेचे कर्मचारी डब्यांची चाके हातोडीने ठोकून पाहत, ती हीच परीक्षा.

तोफेचा खरा शत्रू बहुधा बाहेर नसतो, नळीच्या आत असतो. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू पूर्ण जळून जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग काजळी व क्षार होऊन मागे उरतो, आणि त्यातील बराचसा नळीला चिकटतो. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात. लोखंडी नळी बार काढून तशीच ठेवली, तर पावसाळी हवेत गंज चढण्यास एखादी रात्र पुरते. काशाची नळी हे बरेच सोसते. लोखंडाला ती सवलत नाही. विजापुरातच उपळी बुरुजावर लोखंडी पट्ट्या व कडी जोडून घडवलेली लांब तोफ आहे. तिच्यातील प्रत्येक सांधा म्हणजे पाणी शिरण्याची एक वाट.

दुसरी नाजूक जागा म्हणजे तोफेचा कान, बत्ती देण्याचे छिद्र. प्रत्येक बाराबरोबर तप्त वायू त्यातून वेगाने उसळतो आणि छिद्र रुंदावत जाते. रुंद कानातून दाब निसटतो, गोळ्याचा पल्ला घटतो. पुढे युरोपात काशाच्या तोफांना तांब्याचा बदलता येणारा कान बसवू लागले, तो याचसाठी. शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकत. आपली तोफ टिकवायची तर त्याच कानात मेण भरत.

हे मेण कल्पनेतले नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणी त्याची स्पष्ट ताकीद आहे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, कान मेणाने बंद करावेत आणि प्रत्येक तोफेवर तिच्या मापाचे आच्छादन घालावे, म्हणजे त्या वाया जाणार नाहीत. दारू व बाण ठराविक दिवसांनी बाहेर काढून उन्हे दाखवून पुन्हा मोहोरबंद करण्याची आज्ञाही तेथेच आहे. त्या काळच्या मराठीत तोफेला ‘भांडे’ म्हणत. वापरलेले भांडे घासून, कोरडे करून ठेवायचे, हे घरातल्या कोणालाही शिकवावे लागत नाही. गडावर मात्र ते राज्याच्या धोरणात लिहावे लागले. आज्ञापत्रातील राजनीतीवर व्याख्याने होतात. मेणाची ही ओळ सहसा वगळली जाते, आणि ते चूक आहे. किल्ला जिंकणे एका दिवसाचे काम असू शकते. भांड्याचे कान भरणे दर वर्षी मृगाआधीचे.

विसाव्या शतकापर्यंत नळ्या पोलादी झाल्या, आत पेचदार चर आले, दारू धूरहीन झाली. तरी नियम बदलला नाही. ३०३ रायफलच्या काडतुसाच्या टोपीतून निघणारा क्षार तेलात विरघळत नसे, म्हणून बार झाल्यावर नळीत उकळते पाणी ओतून, ती कोरडी करून मगच तेल देत. दोरीचे ‘फुलतरू’ आणि तिला लावायची कापडी ‘चिंदी’ हे शब्द भारतीय शिपायाच्या तोंडी आजही आहेत. ज्या नगरात रूमीने तोफ ओतली, तेथेच आज चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला आहे. रणगाड्याच्या तोफेच्या प्रत्येक नळीची नोंदवही असते, किती बार झाले ते तीत मांडले जाते, आत नळीदर्शक घालून झीज मोजली जाते, आणि मर्यादा ओलांडली की नळी बाद होते. बाहेरून ती कितीही चकचकीत असो.

मलिक-ए-मैदानाच्या आयुष्यातील सर्वांत मोठे संकट कोणत्याही रणात आले नाही. १५४९ नंतर ती परांड्यास गेली, १६३२ मध्ये विजापुरास आली, १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला. या सगळ्यातून ती वाचली. १८५४ मध्ये मात्र निरुपयोगी सामानाबरोबर तिचा लिलाव पुकारला गेला आणि बोली लागली १५० रुपयांची. ही किंमत फार थोडी, असे मामलेदाराने वर कळवले; साताऱ्याच्या अधिकाऱ्याने विक्री रद्द केली. रूमीचे नाव तोफेवर कोरलेले आहे. त्या मामलेदाराचे कुठेच कोरलेले नाही.

आज महाराष्ट्रातील गडांवर दरीत कोसळलेल्या तोफा वर आणून सागवानी गाड्यांवर बसवल्या जातात. हे काम कष्टाचे आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु गाडा बसला, हार चढला, छायाचित्रे निघाली की पुढे काय? कित्येकदा गंजावरच तैलरंग फासला जातो; गंज रंगाखाली सुखाने वाढत राहतो. तोफ तोंड वर करून ठेवली की नळीची विहीर होते. सिमेंटच्या चौथऱ्यात पुरलेल्या तोफेच्या पोटाखाली बारमाही ओल राहते.

गाड्यावर जितका खर्च होतो, त्याच्या अल्पांशात नळीची निगा होऊ शकते. तोंड किंचित खाली झुकलेले, म्हणजे पाणी वाहून जाईल. नळी आतून कोरडी करून मगच तोंडाला लाकडी दट्ट्या, कारण ओल आत कोंडणे उघड्यावर ठेवण्याहून वाईट. कानात मेण. आणि प्रत्येक तोफेमागे एक वही, तारीखवार. एक सावधगिरीही हवी. आत काठी घालून नळीची खोली मोजावी आणि ती बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहावी. काठी बरीच अलीकडे अडली, तर आत माती-दगड असू शकतात किंवा जुना भरलेला बारही. काळी दारू शतकांनंतरही पेटू शकते. अशा वेळी हात न लावता पुरातत्त्व खात्यास कळवावे. संरक्षित गडांवर इतर कामांनाही त्यांची परवानगी लागतेच. ती मागणारे अर्ज वैशाखात गेले, तर मृगापर्यंत मेण लागेल.