बाई पळाल्या, मुलं थांबली

मुलांनो,

परवा आमच्या मांजरीच्या शाळेत गणिताचा तास चालला होता. तेवढ्यात एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, भूकंप!" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. का, ते आज सांगते.

मांजरीला येण्याआधी मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत होते. कोयना धरणाच्या परिसरातली ती शाळा. नुकतंच डीएड झालेलं, पहिलीच नोकरी. पाऊस सरत आला होता. एका दुपारी लांबून ट्रक यावा तशी घरघर ऐकू आली. रस्त्यावर तर ट्रक नव्हता! मग पायाखालची फरशी हलली, पत्रे खडखडले, खडूंचा डबा टेबलावरून खाली पडला. तीन-चार सेकंद, बस्स. सगळं शांत झालं तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. एकटीच!

आत पाहते तर सगळी मुलं कपाटापासून लांब, दप्तरं डोक्यावर घेऊन उकिडवी बसलेली. चौथीतल्या एका मुलीनं पहिलीतल्या चिमुरड्याला पोटाशी धरलं होतं. तिनं विचारलं, "बाई, तुम्ही कुठं गेला हुता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो. म्हणून तर जास्तच लाज वाटली. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं, "काल मी घाबरले आणि तुम्हाला सोडून पळाले. चुकलंच माझं. आता तुम्हीच मला शिकवा." मुलं केवढी खूश झाली! बाईंना शिकवायला मिळणार म्हटल्यावर काय!

मी राहायचे त्या घरच्या आजींनीही शिकवलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप त्यांनी अनुभवला होता. त्याची तीव्रता ६ च्या वर होती आणि सुमारे १८० माणसं दगावली. त्या थंडीत पोरंबाळं घेऊन त्या उजाडेपर्यंत वावरात बसून होत्या. तेव्हापासून अंथरुणाच्या वरच्या फळीवर त्यांनी कधी जड भांडं ठेवलं नाही.

तिथं एवढे धक्के का बसतात? कोयना धरणाच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. साठच्या दशकात त्यात पाणी साठू लागलं आणि धक्के जाणवू लागले. जमिनीखालच्या खडकांत आधीपासून ताण आणि भेगा आहेत. पाण्याचं वजन वरून दाबतं, पाणी भेगांत झिरपतं आणि तिथला दाब वाढतो. मग ताणलेले खडक किंचित सरकतात. पावसाळ्यात जलाशय भरतो, पुढे रिकामा होतो, तसा हा दाबही बदलतो.

गावात कुणी म्हणायचं, "लहान धक्के बसले की मोठा येत न्हाई." खरं आहे का हे? गणित करून बघा. तीव्रता एकानं वाढली, की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ४ पासून ६ पर्यंत ३२ गुणिले ३२, जवळजवळ हजारपट! एका मोठ्या धक्क्याची ऊर्जा बाहेर पडायला तसले हजारभर लहान धक्के लागतील. तेव्हा लहान धक्क्यांवर विसंबून राहू नका. मोठा कधी येईल, तेही कुणाला आधी सांगता येत नाही.

सांगता येतं ते एवढंच, की आपण काय करायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती आणि छतं अंगावर पडून. म्हणून आधी घर बघा. पलंगावर जड फोटो टांगलाय का? कपाट भिंतीला पक्कं बसवलंय का? पालकांनो, हे काम तुमचं. आणि मुलांनो, धक्का बसला तर धावू नका, जिना उतरू नका. मजबूत बाकाखाली किंवा टेबलाखाली शिरा, डोकं झाका, पाय घट्ट धरून ठेवा. हलणं थांबलं की रांगेनं मोकळ्या मैदानात या.

आता मांजरीतही महिन्यातून एकदा आम्ही ही तालीम करतो. मालगाडी गेली, की काचा वाजतात आणि मुलं बाकाखाली! परवा मागच्या बाकावरच्या त्या मुलानं विचारलंच, "बाई, खरा भूकंप आला तर तुम्ही पळणार नाही ना?"

छातीठोकपणे 'नाही' म्हणवेना. मी म्हटलं, "भीती मलाही वाटेल रे. म्हणून तर तुमच्याबरोबर मीही तालीम करते."

गृहपाठ : आज रात्री झोपण्याआधी आपल्या डोक्यावर काय काय टांगलंय, ते बघा. जड असेल तर आईबाबांना खाली काढायला सांगा.

तुमच्या बाई, मांजरी