मुदत आणि विद्या

धानाच्या बांध्यांतून वाढलेल्या गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एखाद्या मुलास विलायतेच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाच, तर शिष्यवृत्तीच्या अभावी त्यास व्हिसासाठी ठरावीक रक्कम बँकेच्या खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचे सिद्ध करावे लागते. आणि धानाचा चुकारा हाती येताच सोसायटीचे कर्ज दारात उभे असते, हे ज्ञात असलेल्या वाचकास या अटीचे काठिण्य निराळे सांगावयास नको.

पैशाची ही अडचण जुनीच आहे. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपताच, प्रबंध अपुरा टाकून १९१७ साली परतावे लागले; सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेला पैसा, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि मित्र नवल भथेनांकडील कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुनश्च गेले आणि १९२३ साली डी. एस्‌सी. झाले.

विनिमय-विद्यार्थ्याचे त्या मानाने बरे. एखाद-दोन सत्रे तेथे काढून पदवी मात्र तो स्वदेशीच घेतो. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्याची सारी भिस्त अनुसूचित जातींकरिता असलेल्या राजर्षी शाहूंच्या नावच्या परदेश शिष्यवृत्तीसारख्या सरकारी योजनांवर असते. तेथील सत्र सप्टेंबराच्या सुमारास सुरू होते. निवडीची यादी त्यापूर्वी पुरेशी अगोदर लागावी, एवढीच सरकारदरबारी आमची अर्जी आहे.