पेन्सिलीआधी हात

तीन वर्षांचं मूल ‘अ’ गिरवायला बसतं, तेव्हा पेन्सिल मुठीत आवळतं, अख्खा दंड हलवतं आणि पाच मिनिटांत कंटाळतं. आपण म्हणतो, त्याचं लक्ष नाही. खरं तर त्याचा हात अजून तयार नाही. शरीरावरचा ताबा आतून बाहेर येत जातो: आधी मान, मग पाठ, खांदा, कोपर आणि शेवटी बोटं. जन्मतः मनगटाची हाडं कूर्चेचीच असतात आणि पुढे कित्येक वर्षं ती एकेक करून घट्ट होतात. पेन्सिल तीन बोटांत नीट धरणं बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमतं. म्हणूनच अक्षराची तयारी वहीबाहेर सुरू होते. लोंबकळताना खांदा भक्कम होतो, कणकेचा गोळा तिंबताना तळव्यात जोर येतो, मटार सोलताना आणि मणी ओवताना चिमूट पक्की होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तेव्हा बिया, खडे, शिंपले अशीच साधनं वापरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली 60 मिनिटं दम लागेल अशी.

पालकांची भीती असते की आपलं मूल मागे पडेल. पण याच संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराविना चालू लागण्याचा काळ साधारण आठ ते साडेसतरा महिने इतका लांब आढळला. प्रत्येकाचा वेग वेगळा, हेच निसर्गाचं वेळापत्रक. अर्थात दीड वर्षानंतरही मूल चालत नसेल, तर ‘चालेल हळूहळू’ म्हणत न थांबता डॉक्टरांना दाखवावं. दुसरी अडचण जागेची. लंगडीला अंगण लागतं हे खरं, पण शेंगा सोलायला, बटणं लावायला, जिने चढायला दोन खोल्यांचं घर पुरतं. पडेल म्हणून मुलाला सतत कडेवर ठेवलं, तर तोल सावरायला ते शिकणार कधी? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हा बालवाडी निवडताना वह्या किती भरल्या हे विचारू नका. मुलं रोज किती वेळ धावतात आणि मातीत हात घालतात, ते विचारा.